जवारीचा कान

मनुष्याने आयुष्यभर एखादे काम निष्ठेने करावे आणि उतारवयात कोणी त्यास म्हणावे, की हे काम तुम्हीच केले याचा पुरावा द्या. तेव्हा त्या मनुष्याची जी अवस्था होते, ती मिरजेच्या कल्लाप्पा बडिगेर यांची झाली होती. थकवा दोन प्रकारचा असतो. एक श्रमाचा, तो झोपेने उतरतो. दुसरा स्वतःला सिद्ध करण्याचा. तो झोपेतही अंगावरून उतरत नाही. कल्लाप्पांना हा दुसरा थकवा जडून तीन वर्षे लोटली होती.

इसवी सन दोन हजार सत्तेचाळीसचा तो काळ. कल्लाप्पांचे वय एकसष्ट. सतारमेकर गल्लीच्या टोकाला त्यांचे दोन खोल्यांचे घर होते. पुढे कारखाना, मागे स्वयंपाकघर आणि मध्ये केवळ एक जाड पडदा. जातीने सुतार, परंतु तरुणपणी वस्ताद मौलासाहेबांच्या हाताखाली बारा वर्षे काढून त्यांनी तंबोऱ्याच्या जवारीचे काम हस्तगत केले होते.

जवारी म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगणे अवश्य आहे. तंबोऱ्याच्या तारा भोपळ्यावरील ज्या रुंद पट्टीवरून जातात, तिला घोडी म्हणतात. घोडीचा माथा पाहणाऱ्यास सपाट दिसतो, परंतु त्यास केसाएवढा उतार असतो. तार छेडली म्हणजे ती त्या उतारावर पुनःपुन्हा अलगद टेकते, आणि त्या टेकण्यातून मूळ स्वराच्या पोटातले दुप्पट, दहापट, वीसपट कंपनांचे सूक्ष्म स्वर जागे होतात. तोच तंबोऱ्याचा झंकार. कानशीचा एक हात कमी पडला तर तार मुकी राहते. एक हात अधिक पडला तर ती पत्र्यासारखी वाजते. या दोहोंच्या मधली जागा सापडणे, याचे नाव जवारी. कारागीर थोडे कानसतो, तार बसवतो, छेडतो, ऐकतो, पुन्हा कानसतो. दिवसभर त्या घरातून टण् टण् असा नाद येत असे.

आता पुरावा कशासाठी, ते ऐकावे. कल्लाप्पांची एकुलती एक कन्या अक्षता नऊ वर्षांपूर्वी समुद्रापलीकडील एका देशी प्रयोगशाळेत नोकरीस गेली. तिचा रहिवासाचा परवाना असा होता, की एकदा देशाबाहेर पाऊल टाकले तर पुन्हा आत घेणार नाहीत. तिला तेथेच मुलगी झाली. ती नात आता सहा वर्षांची होती आणि कल्लाप्पांना ‘काचेतला अज्जा’ म्हणत असे, कारण तिने अज्जाला फोनच्या काचेबाहेर कधी पाहिलेच नव्हते. इकडून कोणी जावे, तर त्या देशाने आई-वडील, पती-पत्नी वगैरेंसाठीचे कुटुंब-परवाने कधीच बंद केले होते. एकच दार किलकिले ठेवले होते, ते असाधारण कलावंतांसाठी. असा कलावंत स्वतः जाऊ शके, आणि तीन वर्षांनंतर आपल्या माणसांना बोलावू शके.

तेव्हा कल्लाप्पांनी असाधारण व्हावे, असे ठरले.

सांगलीचे वकील नेमगोंडा चौगुले यांनी प्रकरण हाती घेतले. गवयांची प्रशस्तिपत्रे, शाली पांघरलेली छायाचित्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे, काम चालू असतानाच्या चाळीस चित्रफिती, असे सारे जमवता जमवता कल्लाप्पांच्या नाकी नऊ आले. ज्या गवयांनी तंबोरा छेडून डोळे मिटले होते, ते पत्र लिहावयाचे म्हटले की दौऱ्यावर असत. एका साप्ताहिकाने पूर्ण पानभर गौरव केला, परंतु नाव ‘कल्लाप्पा बिडीकर’ असे छापले. त्यावर वकिलांनी, बिडीकर म्हणजेच बडिगेर आणि अर्जदाराने जन्मात विडी ओढलेली नाही, असे प्रतिज्ञापत्र करून घेतले व स्वतःच्या विनोदावर पुष्कळ हसले. कल्लाप्पांना हसू आले नाही. अर्जावर सही करताना त्यांना वारंवार वाटे, की ज्या असाधारण पुरुषाविषयी येथे लिहिले आहे, तो कोणी दुसराच असून आपण त्याचे कारकून आहोत.

परंतु कागद हे केवळ दारापर्यंत नेणारे. आत घेणारे निराळेच होते. त्या देशाने ‘विरलतामापक’ नावाचे यंत्र बसवले होते. सामान्य लोक त्यास चाळण म्हणत. जगात ध्वनिमुद्रित वा चित्रित झालेली बहुतेक सर्व कला या यंत्राच्या पोटात होती. एखाद्याचे काम समोर ठेवले, की त्या विषयातील इतर सर्वांच्या कामावरून हे काम कसे असेल, याचा ते आधी अंदाज बांधी. मग प्रत्यक्ष काम त्या अंदाजाच्या किती पलीकडे गेले आहे, आणि पलीकडे जाऊनही जाणत्यांच्या कानांस ते गोड लागते किंवा नाही, याचे मोजमाप करी. शंभरापैकी नव्वद भरले तर असाधारण. एकोणनव्वदला दया नव्हती.

कल्लाप्पांनी गेल्या अठरा वर्षांत लावलेल्या तंबोऱ्यांचे ध्वनिमुद्रण यंत्रास ऐकवले, तेव्हा आकडा आला शहाण्णव. वकिलांनी पेढे आणले. राहिली होती ती प्रत्यक्ष परीक्षा. त्या देशाच्या पुण्यातील केंद्रात, चहूबाजूंनी बंद अशा निःशब्द खोलीत, चार कोऱ्या घोड्यांवर.

कल्लाप्पा गेले. वस्तादांचे स्मरण करून बसले. चारही जवाऱ्या त्यांनी मन लावून काढल्या आणि चारही त्यांच्या कानांस उत्तम लागल्या.

आकडा आला अडतीस.

केंद्राच्या परीक्षक श्रीमती वाघुळदे या जळगावकडच्या, शांत स्वभावाच्या बाई होत्या. त्यांनी कल्लाप्पांना आपल्या खोलीत बसवून पाणी दिले आणि एक आलेख दाखवला. कल्लाप्पांच्या पंचविसाव्या वर्षापासून त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंतचे तंबोरे साठ-बासष्टच्या आसपास होते. चांगले, परंतु विशेष नव्हेत. त्रेचाळिसाव्या वर्षी रेघ थोडी खाली गेली, आणि मग एकाएकी शहाण्णवावर चढून अठरा वर्षे तेथेच राहिली. कल्लाप्पा म्हणाले, की त्या वयात हात पिकतो. बाईंनी नकारार्थी मान हलवली. त्यांनी समजावून सांगितले, की वय वाढते तसे मनुष्याच्या कानातील अतिसूक्ष्म केस झडत जातात आणि सर्वांत उंच स्वर आधी हरवतात. हरवलेले ऐकू येत नाही, म्हणून हरवले हेही कळत नाही. सकाळी त्यांच्या कानांची तपासणी झाली होती. जवारीचा प्राण ज्या उंच स्वरांत असतो, ते कल्लाप्पांना निदान पंधरा-अठरा वर्षे ऐकूच येत नसावेत.

“म्हणजे ते तंबोरे मी लावले नाहीत, असं म्हणता?” कल्लाप्पांनी विचारले.

बाईंनी चित्रफीत लावली. पडद्यावर कल्लाप्पा कानसत होते, तार छेडत होते. आतून, पडद्यामागून, बाईचा आवाज आला : “पुरे.” कल्लाप्पांनी कानस खाली ठेवली. दुसरी फीत. पुन्हा “पुरे.” तिसरी. चौथी.

“या कोण?”

“आमची मंडळी,” कल्लाप्पा म्हणाले. “तिला त्या टणटणीचा वैताग येतो. त्यानं म्हणते.”

“चाळीसपैकी चाळीस वेळा तुम्ही तिथंच थांबलात, काका.”

“संसारात माणूस थांबतोच की हो, बाई.”

बाई प्रथमच हसल्या. परंतु लगेच गंभीर होऊन म्हणाल्या, की दुसऱ्याचे गुण आपल्या नावावर सांगणे या कायद्यात फार मोठा दोष आहे, तथापि कल्लाप्पांनी ते जाणूनबुजून केले असे त्यांना वाटत नाही. पंधरा दिवसांत अर्ज दुरुस्त करण्याची मुभा त्यांनी दिली.

कल्लाप्पा मिरजेस परतले. घरी त्यांची पत्नी रत्नव्वा पडद्याशी बसून शेंगा फोडत होती. अठ्ठावन्न वर्षांची, चौथी शिकलेली, हाताने चपळ आणि तोंडाने कमी अशी ती स्त्री. त्यांनी सारी हकिकत सांगितली. तिने शेंगा फोडणे थांबवले नाही.

“तुला आवाजाचा वैताग येतो म्हणूनच म्हणायचीस ना?”

“आवाजाचा वैताग असता तर लग्नाच्या तिसऱ्या दिवशी माहेर गाठलं असतं.”

“मग?”

मग तिने तुटक तुटक सांगितले ते असे. अठरा वर्षांमागे धारवाडच्या एका बाईंचा तंबोरा त्यांनी लावला. तो पत्र्यासारखा वाजत होता, आणि कल्लाप्पा तो पुसत, काय सुरेख लागलाय म्हणून तिलाच सांगत होते. तिने पाहिले, की हे थट्टा करीत नाहीत. यांना खरोखरच कळलेले नाही. तो तंबोरा परत आला. पुढच्या वेळी जागा आली तशी ती आतून “पुरे” म्हणाली. कल्लाप्पा चिडून थांबले, आणि जवारी उघडली, तार झंकारली. तेव्हापासून तेच चालू होते.

“मला सांगितलं नाहीस कधी.”

“काय सांगू? ऐकू येत नाही म्हणून? दुसऱ्या दिवशी कानस हातात धरली असती तुम्ही?” टरफले सुपात लोटून ती म्हणाली, “मी वैतागले असं तुम्हाला वाटत होतं. वाटू दे म्हटलं.”

जागा आली हे तुला कसे कळते, असे त्यांनी विचारले. तिला सांगता येईना. शेवटी म्हणाली, “दूध वर यायच्या आधी क्षणभर गप बसतं बघा. तसं काहीतरी होतं.”

कल्लाप्पा कारखान्यात जाऊन बसले. अठरा वर्षे जे आपले पिकलेले फळ म्हणून मिरवले, ते दुसऱ्याच झाडाचे निघावे! राग यावा तर कोणाचा? ज्या बाईने त्यांची लाज राखण्यासाठी स्वतः कजाग ठरणे पत्करले, तिचा? त्यांना रागाचेही श्रम झेपेनात.

वकील आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे म्हणून त्यांनी कपाळावर हात मारला आणि मार्ग सांगितला. अर्ज रत्नव्वांच्या नावे करायचा. त्या जातील, तीन वर्षांनी कल्लाप्पांना बोलावू शकतील.

“तीन वर्षं मी एकटी?” रत्नव्वाने विचारले. “आधी हे जाणार होते तेव्हा माझं काय ठरलं होतं?”

वकील कागद चाळू लागले. आधीही तेच ठरले होते, हे सांगण्याचा त्यांना धीर होईना. मग म्हणाले, की अर्जात एका साहाय्यकाची सोय असते, मात्र तो साहाय्यक अपरिहार्य असल्याचे सिद्ध व्हावे लागते.

“यांच्या अर्जात तिथं काय लिहिलं होतं?”

वकिलांनी पान काढले. कल्लाप्पांनी जमिनीकडे पाहिले. ‘आपल्या कलेस कोणाच्या साहाय्याची गरज लागते काय?’ या प्रश्नापुढे, त्यांच्याच वळणदार अक्षरात, ‘नाही’ असे होते.

रत्नव्वा उठून चहा ठेवावयास गेली. त्या चहात साखर घालावयाची ती विसरली आणि दोघांही पुरुषांनी तो मुकाट्याने प्यायला.

नव्या परीक्षेची रीत वकिलांनी समजावली. प्रथम एक यांत्रिक हात चार घोड्या कानसील आणि रत्नव्वा ‘पुरे’ म्हणेल. मग कल्लाप्पा चार घोड्या कानसतील आणि ती ‘पुरे’ म्हणेल. यंत्राच्या हातानेही नव्वद भरले, तर रत्नव्वा असाधारण आणि कल्लाप्पा अनावश्यक. ती एकटी जाईल. यंत्राबरोबर न भरता नवऱ्याबरोबर भरले, तर दोघेही जातील. दोन्हीकडे चुकले, तर या जन्मी पुन्हा अर्ज नाही. आणि अनोळखी खोलीत, अनोळखी घोड्यांवर काय होईल, याची हमी वकील देणार नव्हते.

पुण्याला जाताना गाडीत कल्लाप्पांनी तिला बजावले, की यंत्राच्या वेळीच नीट कान दे आणि काम तिथेच पक्के कर. माझ्या हातावर काही सोडू नकोस, त्याचा आकडा अडतीस आहे. मी तीन वर्षे काढीन. पोरीला भेट. नातीला जवळ घे.

“बघू,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

परीक्षेच्या खोलीला एका बाजूने काच होती. यांत्रिक हाताची पाळी असताना कल्लाप्पांना काचेबाहेर बसवले होते. इतकी वर्षे मध्ये पडदा असल्याने, ऐकत असताना आपल्या पत्नीचा चेहरा कसा दिसतो, हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. आज पाहिले. ती मांडी घालून बसली होती. उजव्या हाताचे बोट डाव्या हातातील बांगडी सावकाश फिरवत होते. यंत्राचा हात कानसी, तार बसवी, छेडी. पुन्हा कानसी. त्याची चाल कल्लाप्पांच्या हाताहून सरळ होती, हे त्यांना सुताराच्या नजरेने कबूल करावे लागले. काही वेळाने बांगडीवरचे बोट थांबले. तिने श्वास धरला. कल्लाप्पांना वाटले, आता म्हणेल.

ती म्हणाली नाही. यंत्राने आणखी एक हात मारला. आणखी एक. मग तिने शांतपणे सांगितले, “पुरे.”

चारही वेळा तसेच झाले. बोट थांबे, दोन हात जात, आणि मग ती बोले. दार उघडून त्यांना आत बोलावले, तेव्हा काय घडले आहे ते त्यांना कळून चुकले होते. तिने यंत्राकडचा रस्ता स्वतःच मोडून टाकला होता. आता पोरीला भेटणे, नातीला कवेत घेणे, सारे त्यांच्या एकट्याच्या, अडतीस आकड्याच्या हातावर येऊन पडले होते.

ते तिच्या समोर बसले. कानस धरली. पडदा नव्हता, ती चार हातांच्या अंतरावर बसून त्यांच्याकडे नव्हे, घोडीकडे पाहत होती. त्यांनी स्वतः ऐकण्याचा प्रयत्न प्रथमच सोडून दिला. नुसता हात चालवला, हलका, एकसारखा, वस्तादांनी शिकवला तसा. आणि नजर बांगडीवर ठेवली. चारही वेळा बोट थांबले आणि “पुरे” हा शब्द आला, तो एकाच क्षणी. त्यांची कानस त्याआधीच हवेत उचलली गेली होती.

श्रीमती वाघुळदे यांनी आकडे वाचून दाखवले. यंत्राच्या हाताने सत्तावन्न. पतीच्या हाताने सत्त्याण्णव. त्या पुष्कळ वेळ आकड्यांकडे आणि मग रत्नव्वाकडे पाहत राहिल्या. एवढा फरक का पडावा, असे त्यांनी तिला विचारले. रत्नव्वा म्हणाली, की यंत्राची आपल्याला सवय नाही. बाईंनी ते लिहून घेतले आणि शेवटचा कागद आणण्यासाठी त्या आत गेल्या.

बाकावर दोघेच राहिले.

“यंत्राच्या वेळी तू मुद्दाम दोन हात जास्त जाऊ दिलेस,” कल्लाप्पा हळूच म्हणाले.

“तुम्हाला ऐकू आलं?”

“नाही. दिसलं.”

“दिसण्यावर जवारी ठरत नसते म्हणून तुम्हीच सांगत होता सगळ्यांना.”

“आणि माझा हात चुकला असता म्हणजे? पोर कायमची अंतरली असती.”

“व्हय,” ती म्हणाली. पदराने तिने कपाळ पुसले. ती फार दमलेली दिसत होती; तिला इतके दमलेले त्यांनी क्वचितच पाहिले होते. “रात्रभर तोच विचार केला मी. मग नाही केला.”

बाई कागद घेऊन आल्या. मुख्य अर्जदाराने साहाय्यकाविषयी एक वाक्य स्वहस्ते लिहून द्यावयाचे होते. मराठीत चालणार होते. रत्नव्वाने लेखणी हातात घेतली आणि नवऱ्याकडे पाहिले. अर्ज, विनंत्या, पत्रे, घरातले सारे लिखाण तेच करीत आले होते. कल्लाप्पांनी घसा साफ करून वाक्य सांगितले, “सदर साहाय्यक माझ्या कलेस अपरिहार्य आहे.”

ती एकेक अक्षर कोरीत ‘कलेस’पर्यंत आली आणि थांबली.

“पुढचं म्हणजे काय?”

“अपरिहार्य. म्हणजे, ज्याच्यावाचून चालत नाही असा.”

तिने थोडा विचार केला. बाई समोर काहीतरी टंकित करीत होत्या; त्यांचे लक्ष नव्हते, किंवा त्या तसे दाखवीत होत्या.

“चालतं हो,” रत्नव्वा अगदी खालच्या आवाजात म्हणाली. “चालवायचं नाही, एवढंच.”

कल्लाप्पांनी मान खाली घातली. ती म्हणाली, “सांगा की. कसं लिहायचं?”

“अ,” ते म्हणाले. “मग प. मग र ला पहिली वेलांटी.”

तिने लिहिले. अक्षरे मोठी होती आणि चौकट लहान. शब्द कडेला येऊन दाटू लागला. गुळगुळीत मेजावर कागद सारखा सरकत होता.

“ह ला काना. आता य काढ, आणि त्याच्या डोक्यावर रफार.”

आणि तो कागद हलू नये म्हणून कल्लाप्पांनी पलीकडच्या बाजूने तो दोन्ही हातांनी दाबून धरला.